आधी भांडी

आमच्या गटाचा एक नियम आहे. मार खाऊन बाई घराबाहेर पडली की आधी तिची भांडी आणायची. तक्रार, वकील, पोटगी, सगळं नंतर. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं. पण लग्नात दिलेली भांडी सासरी आहेत तोवर माहेरचे म्हणत राहतात, संसार आहे अजून, जा परत. भांडी परत आली की गावाला कळतं, संपलं. माझ्या भावानं माझी भांडी कित्येक वर्षं आणू दिली नाहीत, आणि तेवढी वर्षं मी मार खायला परत जात राहिले. गटातल्या आम्ही सगळ्याच अशा सुटून आलेल्या. म्हणून हा नियम.

मागच्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडची एक मुलगी आमच्याकडे आली. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांचा फिटर. तिच्या पाठीवर बिडीचे चटके होते, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर. मी बऱ्याच पाठी पाहिल्यात. इतकं नीटनेटकं काम पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तिचे वडील आले. मी त्यांना पाठ दाखवली. त्यांनी बघितली, टोपी काढली, परत घातली.

"तापट हाय जरा त्यो," ते म्हणाले. "आन् हिचंबी तोंड चालतंय. सोमवारी मी सोतः सोडून येतो."

"अप्पा, मी न्हाय जाणार."

"मग धाकटीला कोण करून घेणार? सांग की."

त्यावर तिनं पदर ओढून पाठ झाकली. धाकट्या बहिणीचं नाव निघालं की सगळ्याच गप्प होतात.

मी म्हटलं, आधी आम्ही भांडी आणतो. तिला इथं कडक भाकरी करून विकायच्यात, परात-पातेली लागतील. वडील हसले. "देणार न्हाईत. नांदवायची हाय त्यास्नी. न्हाय दिली तर सोमवारी मी हिला नेणार, मग मधी बोलायचं न्हाय." मी कबूल झाले. दुसरा इलाज नव्हता.

मुलीच्या सासरी मी आणि गटातली रिक्षा चालवणारी बाई, अशा दोघी गेलो. फोन करून गेलो होतो. अंगणात भांडी घासून, एकात एक घालून, मधे आणि वरही वर्तमानपत्र ठेवून मांडलेली. लखलखत होती.

"या की," सासू म्हणाली. "कागद घातलाय मधी, वरखडे पडू न्हाईत म्हणून. लोकाचं भांडं आमी खरकटं देत न्हाय."

नवरा खाटेवर बसून चहा पीत होता. "बघून घ्या नीट. मागनं कटकट नको."

"झाकणां बी देना, अम्मा," रिक्षावाली म्हणाली.

"हायेत की झाकणं. आमी काय चोर हाय?"

मी यादी काढली आणि काठावरची नावं वाचली. आपल्याकडे लेकीला भांडं देताना त्यावर बापाचं नाव घालतात; तेवढाच पुरावा असतो. सगळं जुळलं. चळती तशाच उचलून चादरीत गाठोडी बांधली. निघताना सासू म्हणाली, "तिला म्हणावं, सुखानं शिजवून खा."

रिक्षात रिक्षावाली म्हणाली, "इतनी आसानी से? मेरेकू तो एक चमचा बी नै दिये थे."

गटाच्या खोलीवर पोचलो तेव्हा वडील दारातच बसले होते. गाठोडी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"दिली?"

"दिली."

त्यांनी एका गाठोड्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "परत नेऊन ठिवू. मी पाया पडतो त्यांच्या."

मुलीनं गाठोडं सोडलं. चहा ठेवायला एक पातेलं काढलं आणि नळाखाली धरलं. पाणी तिच्या पायावर पडत राहिलं. तिनं पातेलं खिडकीकडं उचललं. बुडाच्या बरोबर मध्यावर गोल भोक होतं.

मग तिनं एकेक कागद काढला. परात, तांब्या, ताटं, वाट्या, सगळ्यांना तसंच, मध्यावर. भोकांच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"त्याच्याच हातचं," ती म्हणाली. "लई साफ काम हाय त्याचं."

वडिलांनी परात उचलली. उजेडाकडं धरली तसा त्यांच्या सदऱ्यावर एक गोल कवडसा पडला. त्यांनी भोकात बोट घातलं, काठावरच्या स्वतःच्या नावावर अंगठा फिरवला आणि ते रडायला लागले. आवाज न करता नाही, चांगले हुंदके देऊन.

"दुकानात उभा ऱ्हाऊन नाव घालून घेतलं हुतं," ते म्हणाले. "जाड पत्र्याची हाय. माणसं हायेत का कोण? आता काय बी होऊ दे. न्हाय धाडत."

मुलगी त्यांच्याकडं बघत होती.

"अप्पा, माझ्या पाठीलाबी हायेत की."

"व्हय गं," ते म्हणाले, आणि परात उलटी करून मागची बाजू बघू लागले.

त्याच दुपारी आम्ही पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. परात वडिलांच्या काखेत होती. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवला: आधी पाठ, मग भांडी.

"ताई, परात वर घ्या की," वडील म्हणाले. "पाठीचं खाली घाला."

मी त्यांना काहीतरी बोलणार होते. मुलगी आधी बोलली.

"घ्या वर, ताई. पाठ बघून कोण उठलं हुतं?"

मी तो कागद फाडला, कोरा घेतला आणि परातीपासून सुरुवात केली.