चौकटीवरचा खिळा

अमळनेरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये दर थोड्या दिवसांनी फ्यूज उडायचा आणि त्याचं कारण एका बाईच्या माथी मारलं गेलं. खरं कारण मला ठाऊक होतं. ते मी तीसेक वर्षं सांगितलं नाही. आता ते आहे तसं लिहून ठेवतो.

मी वायरमन. त्या दुकानाची सगळी वायरिंग मीच केली होती, सत्त्याऐंशीच्या आसपास. दहा बाय बाराची जागा, पुढे लोखंडी शटर, आत लाकडी चौकट. तेव्हा तारा लाकडी पट्टीतून नेत असत. पट्टीत दोन खाचा, एका खाचेत एक तार, मध्ये बोटभर लाकूड, वरून झाकणपट्टी. बाहेरच्या पाटीच्या ट्यूबलाइटची पट्टी मी चौकटीच्या डोक्यावरून नेली. मागून रंगारी आला आणि त्याने चौकट आणि पट्टी एकाच निळ्या ऑइलपेंटने रंगवून टाकली.

उद्घाटनाच्या दिवशी मी स्टुलावर चढून पाटीची ट्यूब बसवत होतो. दुकानदाराची बायको खालून म्हणाली, "भाऊ, वर चढेलच शेत, तर एक खिळा ठोकी द्या. लिंबू-मिरची टांगनी शे."

हातात हातोडी होतीच. मी ठोकला. लोकांना मी नेहमी सांगत असे की भिंतीत खिळा मारायच्या आधी मला विचारा, पट्टी कुठून गेलीय ते बघा. त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही. पट्टी माझी होती आणि सगळं निळं होतं.

दुकानदाराची एक बहीण होती. नवरा गेल्यावर ती धुळे रस्त्यावरच्या एका खेड्यात सासरीच राहिली. साड्यांना फॉल लावायचं काम ती आठवडाभर घरी करायची आणि शनिवारी सकाळच्या एस.टी.ने गाठोडं घेऊन दुकानात यायची. कोपऱ्यात मोटर लावलेलं पिकोचं मशीन होतं. दिवसभर ती त्यावर बसायची, भावाशी बोलायची, संध्याकाळी नव्या साड्या घेऊन परत जायची. आठवड्यातला तेवढाच एक दिवस ती घराबाहेर पडत असे.

दोन उन्हाळे गेल्यावर फ्यूज उडायला लागला. रोज नाही. दोन शनिवार उडायचा, मग एखादा शनिवार सोडून पुन्हा. सकाळी दुकान उघडलं, पाटीची ट्यूब लावली, बहीण गाठोडं घेऊन आत आली की थोड्याच वेळात फट् आवाज आणि पंखा बंद. मी जायचो, नवी तार घालायचो, सगळं सुरळीत चालायचं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर काही सापडायचं नाही. मेन स्विच पाहिला, पंख्याचा रेग्युलेटर पाहिला, ट्यूबची चोक बदलली, मशीनची मोटर उघडून ब्रश साफ केले. एकेक जोड सोडून पुन्हा बांधला.

दुकानदार गमत्या माणूस होता. शनिवारी नवी लिंबू-मिरची तो देवापुढच्या तांब्यात बुचकळून ओलीच टांगायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, टांगताना हातले झिनझिन्या येतस. लिंबूमा दम शे बरं!"

"देव पावला तुला," मी म्हणालो आणि दोघंही हसलो. मी तेव्हाच वर बघायला हवं होतं.

एका शनिवारी गिऱ्हाइकं बसलेली असतानाच फ्यूज गेला. दुकानदाराच्या बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, "शनिवारलेच काबर जास लाइट? शनिवारले कोन येस, देखा."

मशीनवर बसलेली बहीण उठून माझ्याजवळ आली. "भाऊ, मनी मशीनमुळे जास का? तसं असेल तर सांगा."

मी हो म्हणावं अशी तिची इच्छा होती, हे आज कळतं. मशीन बिघडलं असतं तर ते दुरुस्त झालं असतं. मी म्हणालो, "मशीन चांगलं आहे. वायरिंगही चांगली आहे. मी केलेलं काम आहे ते, त्यात दोष निघायचा नाही."

मग दोष द्यायला दुसरं काही उरलंच नाही. पुढच्या शनिवारपासून ती आली नाही. साड्या दुसऱ्या बाईकडे जाऊ लागल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी पाटीची ट्यूब बदलायला मी स्टुलावर चढलो. सुकलेल्या मिरच्या बाजूला करताना टेस्टरचं टोक खिळ्याला लागलं आणि टेस्टरचा दिवा पेटला. झाकणपट्टी काढली. खिळा दोन खाचांमधल्या लाकडात घुसून एका तारेला लागला होता. दुसऱ्या तारेपर्यंतचं लाकूड जळून कोळसा झालं होतं. ओल्या दोऱ्याचं पाणी खिळ्यावरून आत उतरलं की करंट त्या कोळशातून पलीकडे जायचा. वाळलं की बंद. लिंबं थोडी निथळून टांगली गेली, तर तो शनिवार सुटायचा.

मी खिळा उपटला, तार बदलली, खिळा वीतभर बाजूला चौकटीत मारला.

"काय सापडनं?" दुकानदाराने खालून विचारलं.

"काही नाही. पट्टी ढिली होती."

तेवढंच बोललो. फ्यूज पुन्हा कधी गेला नाही. बहीण यायची थांबली आणि लाइट जायचा थांबला, हे सगळ्या बाजाराने पाहिलं. "आते पटनं ना?" असं दुकानदाराची बायको मलाच म्हणाली. मी मान डोलावली.

काही वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर बहीण भेटली. तिने पहिल्यांदा विचारलं, "दुकाननी लाइट आते जात नही ना?"

"नाही."

"बरं व्हयनं. मी आखाजीलेबी तठे जात नही. लेकरंबाळं शेत त्यासना घरमा."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे म्हाताऱ्या लेकीसुद्धा माहेरी येतात. तिच्या पायगुणाने लाइट जातो, हे तिनेही खरं मानलं होतं. तेव्हाही मी बोललो नाही; माझी बस लागली होती.

गेल्या वर्षी मी तिच्या गावी गेलो आणि खिळ्याची गोष्ट सांगितली. तिचा भाऊ तोपर्यंत वारला होता. ती सगळं ऐकून म्हणाली, "माले सांगीसन काय व्हई? जठे तुम्ही बोलनात, तठेच जाईसन सांगा."

मी अमळनेरला गेलो. दुकान आता मुलगा चालवतो. चौकटीवर प्लास्टिकची लिंबू-मिरची आहे. त्याची आई गल्ल्यामागे खुर्चीत बसली होती. गिऱ्हाइकं होती, तरी मी त्यांच्यासमोरच सांगितलं. ती चौकटीकडे बघत म्हणाली, "तवयच सांगतात तर... जा, तिले लई या. तुम्हीच लई या."

तिला आणायला मी परत त्या खेड्यात गेलो. निरोप ऐकून बहीण ओसरीवर पाय चोळत बसून राहिली.

"आते मना गुडघा चालतस नही, भाऊ," ती म्हणाली. "वहिनीले सांगा, तूच आठे ये म्हना."

त्याच बसने मी तो निरोप घेऊन अमळनेरला निघालो.