उथळ कुंडीतला देवदार

माझे धाकटे दीर आयुष्यभर दुसऱ्यांचे दात करत राहिले. दातांच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर मेणाच्या पट्ट्या आणि स्पिरिटचा दिवा, आणि घासायच्या चाकातून उडालेला गुलाबी भुगा सगळीकडे, अगदी त्यांच्या भुवयांवरसुद्धा. गल्लीत त्यांना कवळीवालेच म्हणत. लवकर करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "घाई केली की कवळी तोंडात राहत नाही, खिशात राहते."

पुढे दात यंत्रावर होऊ लागले आणि भावजींनी काम सोडलं. कुरकुर केली नाही. त्याच सुमारास एका सकाळी ते नर्सरीतून बुटका देवदार घेऊन आले. कोणी न घेतलेल्या रोपांबरोबर तो मागच्या भिंतीला पडून होता म्हणे. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळांची चुंबळ झालेली, अंगाने एका बाजूला कलंडलेला.

माझ्या जाऊबाई दारातच म्हणाल्या, "झाड आणायचंच होतं तर लिंबाचं आणायचं. निदान चहात पिळता आलं असतं."

"अगं, हा जातीचाच बुटका. वाढत नाही फारसा."

"घरात एक आहे तो पुरे नव्हता का?"

भावजी उंचीने बेताचेच. ते हसले आणि देवदार गच्चीवर नेऊन ठेवला.

मी वरच्या मजल्यावर राहते. यजमान गेल्यापासून माझी दुपार खाली या दोघांकडेच जाते. त्यामुळे त्या झाडाचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. नर्सरीतलं रोप म्हणजे नुसता हिरवा झुबका असतो. बोन्साय करायचं म्हणजे त्यातलं झाड आपण शोधून काढायचं. भावजींनी मेण कापायच्या जुन्या सुरीने वरची माती उकरून बुंध्याचा पाया मोकळा केला. कलमाच्या सांध्याचा फुगवटा मागे जाईल अशी पुढची बाजू ठरवली. एका हिवाळ्यात नको त्या फांद्या काढल्या. पुढच्या हिवाळ्यात उरलेल्यांना तांब्याची तार गुंडाळून त्या खाली वाकवल्या, वर्षानुवर्षं बर्फ झेलून वाकल्यासारख्या. तार सालीत रुतण्याआधी ती तुकडे तुकडे करून काढली.

"झाडाला एका वर्षी एकच दुखणं द्यायचं, वहिनी," ते मला सांगत. "वर कापलं, की त्या वर्षी मुळांना हात लावायचा नाही."

"आणि बायकोला?" आतून आवाज आला.

"तिला बारमाही."

शेवटची दोन कामं बाकी होती. वर सरळसोट गेलेला जाड शेंडा उतरवायचा, आणि मग केव्हातरी मुळं कापून झाड उथळ कुंडीत बसवायचं. कुंडी त्यांनी आधीच आणून ठेवली होती, राखाडी रंगाची, थाळीपेक्षा थोडी खोल. त्यात बसलेला देवदार पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. बाकी त्या माणसाने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग भावजींचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जाऊबाईंना आणि मला बाजूला घेतलं, पण भावजी उठून आमच्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मापं माझी घेतलीत ना? मग मलाच सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. आतली गाठ चांगली दिसत नव्हती. पुढचा हिवाळा दिसेलच असं धरून चालू नका, म्हणाले.

भावजी रडले नाहीत. घरी आल्यावर गच्चीवर गेले आणि बराच वेळ शेंड्याकडे पाहत बसले.

थंडी ओसरली, कोंब फुगायला अजून अवकाश होता, तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना वर बोलावलं. करवतीने शेंडा उतरवला. मला वाटलं झालं आजचं. पण त्यांनी लगेच कुंडी आडवी केली, झाड उपसून काढलं आणि वाकवलेल्या तारेने मुळं विंचरायला लागले.

"भावजी, एका वर्षी एकच ना?"

"तो नियम ज्याच्याकडे पुढचं वर्ष आहे त्याच्यासाठी." आणि जाऊबाईंना म्हणाले, "अगं, नीट धर. लग्नात हात धरला होतास तसा नको."

 जाऊबाईंनी बुंधा दोन्ही हातांनी धरला. खालची अर्धी मुळं करवतीने गेली.

झाड मात्र देखणं झालं. राखाडी कुंडीत, जरासा कललेला, खाली झुकलेल्या फांद्यांचा तो देवदार पाहून वाटे, हा कुठल्यातरी कड्यावर शंभर वर्षं वारा खात उभा आहे. भावजींना भेटायला येणारे आधी खाटेशी बसत, काय बोलावं ते न सुचून गच्चीवर जात आणि मोकळे होऊन परत येत. "काय झाड केलंय तुम्ही!" भावजींचा चेहरा फुले. उन्हाळाभर त्यांनी ते कौतुक पोटभर ऐकलं. अन्न फारसं जात नव्हतंच. नवे कोंब आले नाहीत हे मला दिसत होतं, पण झाड हिरवं होतं. दचकलंय, सावरेल, असं ते म्हणत.

उन्हाळा संपता संपता त्यांच्या मुलीने हट्टाने मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासणी करवली. तिथल्या डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले, पोटात नळी घालून तुकडा काढला आणि आठवड्याने सांगितलं की गाठ वाईट नाही. जुनी सूज आहे. औषधाने बसेल.

"तुमच्या तोंडात साखर पडो!" जाऊबाई तिथेच म्हणाल्या, आणि गाडीत बसल्यावर ज्याला त्याला फोन करत सुटल्या. हसत होत्या, नाक पुसत होत्या. भावजी खिडकीबाहेर पाहत होते.

घरी आल्यावर ते जोडे न काढता गच्चीवर गेले. मी मागोमाग. देवदाराचा हिरवा रंग मला त्या दिवशी पहिल्यांदा फिकट वाटला, धूळ बसल्यासारखा. भावजींनी एका फांदीवरून हात फिरवला. सुईसारखी पानं गळून त्यांच्या तळहातात आली. त्यांनी सुरी मागितली. फांदीची साल खरवडली, आत तपकिरी. बुंध्यावर खरवडली, तपकिरी. अगदी सांध्याशी, मातीला लागून खरवडली. तिथेही ओल नव्हती.

"कधीच गेलाय," ते म्हणाले. "ही जात मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवी राहते. माहीत होतं मला."

"लोक तर कालपर्यंत..."

"हो. मढ्याचं कौतुक चाललं होतं."

रात्रीचं ताट त्यांनी तसंच सारलं. जाऊबाईंचा तोल गेला. "तुम्ही वाचलात हो! त्याचं काहीच नाही का तुम्हाला? एका काटकीचं सुतक धरून बसलात!"

"आनंद आहे अगं," भावजी म्हणाले. "पण मी थांबलो असतो तर आज आम्ही दोघंही असतो."

जाऊबाईंनी ताट उचलून आत नेलं.

वाळलेला देवदार जाऊबाईंनीच एके दिवशी उचलला. मग मला बरोबर घेऊन त्या नर्सरीत गेल्या आणि तसाच एक आणला. हाही काळ्या कुंडीत. भावजींनी बुंधा अंगठ्याने चाचपला. रोप चांगलं आहे म्हणाले. गच्चीवर सकाळचं ऊन लागेल अशा जागी ठेवलं.

पाणी ते रोज घालतात. कुंडी फिरवतात, तण काढतात. त्यांची तब्येत उत्तम आहे. वजन वाढलं, औषधही सुटलं. पण त्या गोष्टीला चार हिवाळे झाले, अजून त्या झाडाला कात्री लागलेली नाही. फांद्या एकमेकींत घुसल्या आहेत. मुळं कुंडीची भोकं फोडून बाहेर आली आहेत.

दर वर्षी थंडी पडली की जाऊबाई कात्री आणि तारेचं भेंडोळं त्यांच्यापुढे आणून ठेवतात. "अहो, बघा तरी. नुसतं रान माजलंय. आता कसली घाई आहे तुम्हाला?"

"घाई नाहीच," भावजी म्हणतात, आणि कात्री दूर सारतात. "यंदा राहू दे."