घळीतलं कुजकं लाकूड

उंब्रजचा आकाराम पायात गोळी लागून पलटणीतून परतला आणि १९४४ साली हेळवाकच्या वरच्या रानात जंगल खात्याचा राखणदार झाला. पलटणीत हुकूम पाळायची सवय लागली होती. जंगल खात्याच्या साहेबांनी फर्मावलं, ‘पडलेल्या झाडांवर भूछत्रं धरलीत, तो रोग उभ्या झाडांना लागेल, तुझ्या हद्दीतल्या तिन्ही घळी साफ करून जाळा.’ लंगडत लंगडत आकारामने माणसं लावली आणि दोन घळी जाळून काढल्या.

तिसऱ्या घळीत म्हशी राखणारी हरणाबाई आडवी आली. धनगरवाड्यातली, साठीची बाई.

“जाळू नगा ह्ये.”

“आवं मावशी, हुकूम हाय. रोगट लाकूड हाय ह्ये.”

“रोग कसला? ये हिकडं.” तिने पडलेल्या अंजनीच्या खोडात बोटं खुपसली. लाकूड पावासारखं मऊ निघालं, आत पांढऱ्या तंतूंचं जाळं. त्या भुग्यातच जांभळीची दोन रोपं रुजली होती. “ही अळंबी लाकूड खात्यात, त्याची माती करत्यात. झाडानं जन्मभर वढलेला कस मातीला परत मिळतोय. रान त्याच्यावर जगतंय, बाबा.”

आकारामने तो भुगा चिमटीत चोळून पाहिला. मग त्याने काडेपेटी खिशात टाकली आणि माणसांना घरी धाडलं.

पावसाळ्यापूर्वी साहेब तपासणीला आले. आकारामने खरं ते सांगितलं. साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं, लेखी ताकीद दिली आणि ‘नोकरी टिकवायची असेल तर पुन्हा असं करू नको’ म्हणाले. तिसरी घळ मात्र तोवर पाऊस लागल्यामुळे जाळायची राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचा विषय कुणी काढला नाही.

जळालेल्या घळींत राखेवर पहिल्या सरींनी गवत असं माजलं, की आकारामला वाटलं, तिसरी घळ जाळली नाही ही चूक आपलीच. पण आषाढात राख, माती, सगळं ओढ्याला गेलं. दुसऱ्या वर्षी तिथे मुरूम उघडा पडला. तिसऱ्या घळीत मात्र कुजल्या खोडांवर रोपांची दाटी झाली होती.

४६ साली साहेब पुन्हा आले. तिन्ही घळी फिरले. तिसऱ्या घळीत गुडघ्यावर बसून त्यांनी ओला भुगा मुठीत दाबला, तर पाणी गळालं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“हरणाबाईनं, सायेब. म्हशी राखती.”

साहेबांना तिला भेटायचं होतं, पण ती म्हशी घेऊन घाट उतरून गेली होती. लेखी ताकीद कागदावर तशीच राहिली. पुढच्या वर्षीच्या हुकमात एवढंच आलं, की घळींत पडलेलं लाकूड हलवू नये.

जळालेल्या घळींचं आकारामच्या मनाला लागलं होतं. तीन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी घळींबाहेरच्या रानातलं पाटीभर कुजकं लाकूड वाहून तिथे दगडांच्या आडोशाला टाकत राहिला. बरंचसं पावसात वाहून गेलं. एके ठिकाणी अळंबी उगवली, शेजारी उंबराची चार रोपं धरली. बाकी मुरूम तसाच राहिला.