अंबाड्यात बांधलेला देव

ऑपरेशनला दीड महिना झाला, तरी मी माझी छाती बघितली नव्हती. लातूरच्या दवाखान्यात डाव्या बाजूचं सगळं काढलं. ड्रेसिंग करताना मी वर पंख्याकडं बघायची. घरी उदगीरला आल्यावर परकर छातीवर बांधूनच अंघोळ. आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात हळूच विचारलं, "बघू का जरा, भरली का जखम?" मी हातातला पेला भिरकावला. "बघायला काय जत्रा हाय का?" तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. हाकललं मीच, आणि वर मनात म्हणायची पण मीच, की बघ, किळस आली ह्यांना. माझा स्वभावच तसला. आधी तडतड, मग रडारड.

आम्ही लिंगायत, मोंढ्यात धान्याची आडत. आमच्यात दीक्षा झाली की गळ्यात इष्टलिंग येतं. ते छातीवर लोंबतं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर म्हणाली, गळ्यात काही ठेवता येणार नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, दारातच आडव्या झाल्या. "मग हिलाबी नेऊ नका." सिस्टर समजूतदार निघाली. चांदीच्या डबीतून लिंग मी काढलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं, आणि तिनं सांगितल्याप्रमाणं ते माझ्या अंबाड्यात खोचून घट्ट बांधलं. वरून तिनं हिरवी टोपी चढवली. आत्याबाई खूश. देव छातीवरून डोक्यावर गेला, म्हणजे वरच चढला की!

घरी आल्यावर ते त्याच दिवशी गळ्यात घ्यायला पाहिजे होतं. मी घेतलं नाही. गळ्यात घेतलं की ते नेमकं तिथंच येणार. आणि रोजची पूजा म्हणजे डाव्या तळहातावर लिंग घेऊन छातीसमोर धरायचं, नजर त्याच्यावर लावायची. नजर जरा घसरली की पुढं काय दिसणार, ते मला ठाऊक होतं. "हात उचलत न्हाई," मी सांगून टाकलं. सुरुवातीला ते खरंच होतं. नंतर हात फळीवरचा डबा काढण्याइतका उचलत होता, पण माझं आपलं तेच पालुपद. अंबाड्याला वरून हात लावायची आणि म्हणायची, झाली पूजा.

गल्लीतल्या बायकांना वेगळंच वाटलं. "बाई बाई, देव डोक्यावर धरलाय, केवढी भक्ती!" निलंग्याहून आलेली एक पाहुणी तर माझ्या पायाच पडली. पुढच्या सोमवारी समोरच्या घरातलीचा अंबाडा पण फुगलेला दिसला. माझ्या भित्रेपणाची गल्लीत फॅशन झाली, आणि मी काय बोलणार, कप्पाळ!

मग केमो सुरू झाली. केस जातील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी न्हाणीत अंबाड्याला हात घातला, तर अंबाडाच हातात आला. फडकं सुटलं आणि लिंग टणकन फरशीवर पडलं.

लिंग पडणं म्हणजे आमच्यात किती वाईट, ते सांगायला नको. "आत्याबाई!" म्हणून मी किंचाळले आणि कशीबशी कडी काढली. त्या पिठाच्या हातानंच पळत आल्या. त्यांनी फरशीकडं बघितलं, केसांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "उचल."

"तुम्हीच द्या ना उचलून."

"येडी का खुळी? दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू मी? तुझं तुलाच उचलावं लागतंय. उचल, आन् आधी पाणी घाल."

मी वाकले. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, उजव्या हातात तांब्या. परकराची गाठ तेवढ्यात सुटली. धरायला तिसरा हात कुठनं आणू? परकर खाली गेला.

लिंगावर पाणी घातलं. ते तळहातावरून छातीवर आलं, आणि त्याच्या मागं मागं माझी नजर गेली. काखेपासून मधोमध एक तिरपी रेघ. कडेला टाक्यांच्या खुणा. बाकी सपाट. मी मनात भलताच खड्डा खणून ठेवला होता, तसं काही नव्हतं. पाणी रेघेवरून जाताना दिसत होतं, पण लागत नव्हतं. कातडी बधिर होती. बरगडीपाशी उतरलं तसं एकदम गार लागलं, आणि मला रडू फुटलं. दोन लेकरं पाजली होती तिथं. गेलं त्याचं वाईट वाटलं, फार वाटलं. पण भीती वाटली नाही.

आत्याबाई टक लावून बघत होत्या. "दुखतंय का गं?"

"न्हाई."

"मग काऊन लपवून राहिलीस एवढे दिवस? मला वाटलं, लई वंगाळ दिसत असंल."

"मला पण तसंच वाटलं."

"आन् तो माझं डोकं खातोय रोज. आई, तिला दुखत असंल का? म्हणलं, तूच विचार की. तर म्हणतो, पेला मारंल."

मला रडता रडता हसू आलं. त्या भस्म आणि माझी चांदीची डबी आणून ठेवून बाहेर गेल्या. मी अंग पुसलं, लिंगावर भस्म लावलं, डबीत ठेवलं आणि दोरा गळ्यात घातला. डबी आपल्या जागी आली. एका बाजूला मऊ, एका बाजूला बरगड्या.

बाहेर हे मोंढ्यात निघाले होते. चपला घातल्याचा आवाज आला. मी परकर कमरेला बांधला आणि हाक मारली, "अहो!"

"काय पाहिजे?" ते दाराबाहेरूनच म्हणाले.

"काही न्हाई. तुम्हाला बघायचं होतं ना? या."

मग चपला काढल्याचा आवाज आला.