साउंडबॉक्स कुणी बदलला

भिंगरावांचा कशावरच विश्वास नसे. दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या निदानावर नाही, आणि सख्ख्या भावाने पत्रात लिहिलेल्या खुशालीवर तर मुळीच नाही. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा त्यांनी होणाऱ्या जावयाच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं, खिशातला चाकू काढून मागचं झाकण उघडलं आणि "यंत्र खरं आहे" असं भर बैठकीत जाहीर केलं. लग्न झालं, पण मुलीच्या सासरची माणसं अजून त्यांच्यासमोर बसताना बाह्या खाली ओढून घेतात.

धंदाच तसा होता म्हणा. चावीचे जुने ग्रामोफोन ते दुरुस्त करत, आणि दुरुस्तीच्या आधी खरे-खोटे ओळखत. बाजारात जुना म्हणून मिळणारा ग्रामोफोन पुष्कळदा परवाचा असतो. कर्णा नवा, पेटी नवी, चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं लेबल, आणि आत कुठल्यातरी मोडक्या यंत्राची मोटर. भिंगराव डोळ्याला भिंग लावून स्क्रूच्या खाचा पाहत, पेटीत नाक खुपसून लाकडाचा वास घेत आणि दोन मिनिटांत "जोडकाम!" म्हणून गिऱ्हाइकाचं तोंड उतरवत. त्यात त्यांना मजा येई, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एका सकाळी पस्तिशीची एक बाई चादरीत गुंडाळलेला ग्रामोफोन उराशी धरून दुकानात आली.

"हा खरा की खोटा ते नकोय मला," ती म्हणाली. "साउंडबॉक्स कधी बदललाय तेवढं सांगा."

साउंडबॉक्स म्हणजे सुई जिथे बसते ती गोल डबी. तिच्यातला अभ्रकाचा पडदा थरथरतो आणि आवाज कर्ण्याकडे जातो. ग्रामोफोनमध्ये मोलाचं काय, तर तेच.

"कधी बदलला ते तुम्हालाच ठाऊक असणार," भिंगराव म्हणाले.

बाईचा चेहरा पडला, पण ती उठली नाही. ग्रामोफोन तिच्या सासऱ्यांचा. ते गेल्यापासून तो हिच्या खोलीत होता, पुसायची झाडायची ही. चार महिन्यांपूर्वी मोठ्या दिरांनी कुणा जाणकाराला घरी आणलं, आणि साउंडबॉक्स या यंत्राचा नव्हेच असं तो सांगून गेला. मग अस्सल गेला कुठे? दिरांनी हिच्याकडे बोट दाखवलं. नवरा जहाजावर, घरात बाजू घेणारं कुणी नाही.

"तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "मी खोलीत आले की पर्स उचलून दुसऱ्या खोलीत जातात. काका, साउंडबॉक्स म्हणतात कशाला, हेसुद्धा मला भाऊजींनी ओरडताना दाखवलं तेव्हा कळलं."

उत्तर फारच तयार आहे, असं भिंगरावांच्या मनात आलं. निरपराध माणूस अडखळतो, हा त्यांचा ठाम सिद्धांत. त्यांनी ग्रामोफोन ठेवून घेतला आणि बाईला आठवड्याने यायला सांगितलं. ती गेल्यावर बायकोला म्हणाले, "हिनेच विकला. लिहून देतो."

"तुम्ही मलाही असंच म्हणाला होतात, अंगठी हरवली तेव्हा," बायको म्हणाली. "तुमच्याच कोटात सापडली."

भिंगरावांनी हे ऐकलं नाही.

पेटी अस्सल निघाली, मोटर अस्सल, कर्णाही मूळचाच. साउंडबॉक्स तेवढा परका. नळीवर तो घट्ट बसावा म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली होती. कुणीतरी घाईत उरकलेलं काम. कोण हा ठोंब्या, असं पुटपुटत भिंगराव मोटरकडे वळले, कारण चावी दिली की स्प्रिंग आत धाडकन सुटत होती. हातमोजे चढवून त्यांनी स्प्रिंगचा गोल डबा उघडला, ती जपून बाहेर काढली आणि डबा घासलेटमध्ये टाकला. काळं झालेलं ग्रीस सुटलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली एक तारीख दिसू लागली. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. शेजारी एक छोटं वर्तुळ.

तारखेतला पाच उलट्या शेपटीचा होता. असा पाच जगात एकच माणूस काढतो, आणि शाळेत त्यासाठी त्याने छड्या खाल्ल्या होत्या.

आता संशय म्हणजे किती, तर भिंगरावांना पहिल्यांदा वाटलं की आपला पाच कुणीतरी गिरवून काढलाय. आपल्याला गोवायचा डाव आहे. त्यांनी भिंग लावलं. पण ओरखड्यांच्या तळाशी ग्रीस खडा होऊन बसलं होतं. चार महिन्यांत ते तसं होत नाही, चार वर्षांतही नाही.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

ज्या वस्तादांच्या हाताखाली ते शिकले, त्यांच्या दुकानाची एक रीत होती. दुरुस्तीची तारीख डब्याच्या आत कोरायची. आणि एका गिऱ्हाइकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्राला तात्पुरता लावला, तर शेजारी वर्तुळ काढायचं. भाग परत बसवला की वर्तुळावर फुली. या वर्तुळावर फुली नव्हती.

मग सगळं आठवलं. एक गिऱ्हाईक दारात घाई करत उभं, हा ग्रामोफोन नुसताच पडलेला, याचा मालक परगावी. आठ दिवसांत बदलून टाकू, असं म्हणून तेवीस वर्षांच्या भिंगरावांनी इथला साउंडबॉक्स तिथे लावला, आणि इथे ट्यूबची पट्टी गुंडाळून दुसराच चढवला. तो आठवा दिवस कधी उगवलाच नाही. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण तो मालक पुन्हा दुकानात आला होता. "आवाज जरा बारीक झालाय का हो?" त्याने नम्रपणे विचारलं होतं. आणि भिंगरावांनी मान वर न करता उत्तर दिलं होतं, "यंत्राला काही झालेलं नाही. कान तपासून घ्या."

समोर पॉलिशपेपर होता. चार फेरे मारले की झाकण कोरं. त्यांनी तो हातातही घेतला. दुपारभर हातात धरून बसले, मग बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईची वाट न पाहता ते ग्रामोफोन घेऊन तिच्या घरी गेले. त्याला आता त्यांच्या कपाटातला सगळ्यात चांगला साउंडबॉक्स लावलेला होता. मोठे दीर, सासूबाई, सून, सगळे बसले. भिंगरावांनी स्प्रिंगच्या डब्याचं झाकण पुढे केलं आणि काय घडलं ते सांगून टाकलं.

दीर हसले. "हिने पढवलंय तुम्हाला. किती दिले?"

जन्मभर लोकांना असंच विचारत आलेल्या माणसाला तो प्रश्न किती लागतो हे त्या दिवशी कळलं. त्यांनी कागद मागून घेतला, त्यावर तीच तारीख लिहिली आणि झाकण शेजारी ठेवलं. दिरांनी दोन्ही पाच पाहिले. पुन्हा पाहिले.

"म्हणजे चोर तुम्ही!"

"हो," भिंगराव म्हणाले. जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या, असं कुणीतरी म्हणेल अशी त्यांना आशा होती. कुणी म्हणालं नाही.

सासूबाई झाकणावरून बोट फिरवत होत्या. "हे सारखे म्हणायचे, आवाज बारीक झालाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीच म्हणायचे, तुमचे कान गेले." मग त्यांनी चार महिन्यांत प्रथमच सुनेकडे पाहिलं. "तू तरी ठासून सांगायचंस ना गं मला, मी काही केलं नाही म्हणून."

"सांगितलं होतं, आई," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सून उठून आत गेली. भिंगरावांनाही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते खाली मान घालून बसून राहिले, आणि दिरांनी "या आता" म्हटल्यावर उठले.