पिंपातली काकडी

पडदेमामांनी उभं आयुष्य नाटकाच्या थिएटरात पडदा ओढण्यात घालवलं. नायिकेच्या डोळ्यांत पाणी तरारलं की दोरी सोडायची, एखादा नट वाक्य विसरून घामाघूम झाला तरी सोडायची. त्या मखमलीनं किती जणांची अब्रू झाकली, त्याला गणती नाही. निवृत्त होऊन घरी बसले आणि दोरीवाचून हात शिवशिवू लागले, तेव्हा त्यांनी गच्चीवर भाजीचा संसार थाटला. फुटक्या बादल्यांत टोमॅटो, जुन्या टबात वांगी, आणि कोपऱ्यात भोकं पाडलेलं निळं पिंप. घरातला ओला कचरा त्यात, वर वाळक्या पानांचा थर, दर रविवारी खुरप्यानं वरखाली. आत हात घातला की ऊब लागायची. "शिजतंय," म्हणून मामा असे खूश व्हायचे, जणू बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागलाय.

पण पिंप उकरलं की घर दिसतं. कोण काय खातं, काय टाकतं, सगळं. आणि जन्मभर विंगेत मुकाट उभ्या राहिलेल्या मामांना या वयात वाचा फुटली. जेवणाच्या टेबलावर ते खर्जातल्या आवाजात जाहीर करू लागले, की डाएटवर असलेल्या चिरंजीवांची अंड्यांची टरफलं वाढत चाललीत; की सूनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे 'सगळ्यांनी संपवलेला' पालक आज रबरबँडसकट पिंपात भेटला. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा सून हसली नाही. मग मुलगा आपली पिशवी गाठ मारून नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकू लागला. सूनही तेच करू लागली. मामांची बायको, म्हणजे मामी, तर स्वयंपाकघराचं दार लावूनच भाजी चिरायला बसू लागल्या.

पिंपात उरली ती चहाची पावडर, तीही मामांच्याच कपातली. पिंप गार पडलं. टोमॅटोची पानं पिवळी झाली, वांग्याची फुलं गळाली. मामांनी विनवून पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, कचरा देऊ हो, पण आधी बातम्या बंद करा. घरात राहतोय की वर्तमानपत्रात, कळेनासं झालंय." मामांनी कबूल केलं. विश्वास कुणी ठेवला नाही.

एका रविवारी मामा खुरपं घेऊन गच्चीवर आले, तेव्हा सासू-सून तिथे कपडे वाळत घालत होत्या. पिंपाच्या भोकातून एक कोवळा वेल डोकावत होता. "बाबा, हे काय उगवलंय?" सुनेनं विचारलं.

मामांनी ती गोलसर पानं पाहिली आणि ओळखलं. खरबूज. घरात खरबूज येतच नव्हतं. मामींना साखरेचा त्रास, डॉक्टरांनी गोड फळं बंद केलेली. मामींच्या हातात ओली चादर तशीच लोंबत राहिली, पाणी पावलांवर ठिबकत राहिलं. आपली दुपारची डुलकी, मामींनी पिशवीच्या तळाशी दडवून आणलेलं फळ, वाळक्या पानांखाली खोल पुरलेल्या बिया, सगळा अंक मामांच्या डोळ्यांसमोरून झरझर गेला. याहून मोठी बातमी पिंपानं कधी दिली नव्हती.

"काकडी," मामा म्हणाले.

सुनेनं पानांकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. "हो, काकडीच," तीही म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचं डबडं काठोकाठ भरून दारात. टरफलं, साली, करपलेला ब्रेड, काहीही न झाकता. पिंप पुन्हा तापलं, टोमॅटोनं मान वर काढली.

काकडी यथावकाश गोल झाली, तिला जाळीदार साल आली. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. मामा मात्र एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले आणि एका पातळ फोडीची परवानगी पदरात पाडून घेतली.

गच्चीवरच फळ कापलं. मामींनी आपली फोड पुरवून पुरवून खाल्ली. "अहो, तुमची काकडी फार गोड निघाली हो."

"बियाणं चांगलं होतं," मामा म्हणाले. "आणि हे बघ, साल वरच टाक. खाली पुरत बसू नकोस, कंबर दुखेल तुझी."