अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं

दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार, दुपारची वेळ. ठिकाण नायगाव पूर्वेच्या एका नव्या टॉवरचा अकरावा मजला. हजर माणसं अशी: मी, म्हणजे त्या वेळची सहायक पोलीस निरीक्षक, कुडाळकडचे आमचे हवालदार, एक महिला शिपाई, सोसायटीचे सेक्रेटरी, कुलूपवाला, आणि पंच म्हणून शेजारच्या विंगमधले दोन रहिवासी. दाराच्या आत कोणी आहे की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

नोकरीत मी खून पाहिले, रेल्वे रुळांवरचे पंचनामे केले. ते सगळं कागदावर उतरवलं की डोक्यातून उतरायचं. हे एक प्रकरण उतरलं नाही. आजही एखाद्या बंद दाराची बेल वाजवली आणि आतून लगेच उत्तर आलं नाही, की मी दाराला कान लावते.

सुरुवात समुद्रावर झाली. मुंबईहून तीन रात्रींच्या सहलीवर निघालेली एक प्रवासी बोट परत येताना डहाणूच्या पुढे बंद पडली. इंजिनच्या खोलीत आग लागली होती. कोणाला इजा झाली नाही, पण वीज गेली. मग टगने, म्हणजे ओढबोटीने, दोर लावून ती बोट मुंबईकडे ओढायला घेतली. समुद्र खवळलेला, दोर एकदा तुटला, त्यामुळे प्रवाशांना मध्येच उतरवणं शक्य नव्हतं. बोट आमच्या किनाऱ्यासमोरून इतकी हळू सरकत होती, की अर्नाळ्याच्या वाळूत माणसं जत्रेसारखी जमली. मी तिथे बंदोबस्त लावला होता. एक मच्छीमार बाई मला म्हणाली, “साहेबीनबाई, आमच्या होड्या सोडा ना. निदान प्यायचं पानी तरी देऊन येऊ त्यांना.” परवानगी नव्हती. बोटीवर पिण्याचं पाणी होतं. एसी, संडास आणि फोन बंद होते.

बोट किनाऱ्याच्या जरा जवळ आली आणि प्रवाशांच्या मोबाइलला मधूनमधून रेंज मिळू लागली. रविवारी सकाळी मला बोटीवरून फोन आला. नंदाखालच्या एक निवृत्त शिक्षिका. शांतता समितीच्या बैठकीला यायच्या, म्हणून माझा नंबर त्यांच्याकडे होता. मला वाटलं, सुटकेचं विचारणार. पण त्यांनी स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही.

“मॅडम, रेंज जाईल म्हणून आधी महत्त्वाचं सांगते. आमच्या जेवणाच्या टेबलावर नायगावचं एक जोडपं आहे. नवरा-बायको, चाळिशीतली. ती बाई काल सकाळपासून जेवत नाही. आम्हाला पाण्याच्या बाटल्या वाटतात ना, तर ती दिसेल त्या बाटलीचं झाकण उघडते आणि रडते.”

“बाई, तिथे सगळेच घाबरलेले असतील.”

“घाबरलेली माणसं मी ओळखते हो, कालपासून पाचशे बघतेय. ही वेगळी आहे. काल मी तिच्याजवळ बसून माळ जपत होते. ती पुटपुटली, ‘झाकणं सैल करून ठेवायची राहिली.’ मी विचारलं, ‘कोणासाठी गं?’ तेवढ्यात नवरा आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. मॅडम, घरी कोणीतरी आहे.”

मी जोडप्याचं नाव आणि कॉम्प्लेक्सचं नाव विचारून घेतलं. पहिल्या दिवशी जेवताना ओळखी झाल्या होत्या, म्हणून ते त्यांना माहीत होतं. फोन तुटला.

एवढ्यावर कोणी दार फोडत नाही. पण सोडूनही देत नाही. स्टेशन डायरीला नोंद केली आणि आम्ही निघालो. गेटवर सेक्रेटरी भेटले. चुणचुणीत माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“फ्लॅट बंद आहे मॅडम. त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं, दूध-पेपर बंद करा म्हणून.”

“घरात आणखी कोण असतं?”

“वडील असायचे. विसरभोळे झाले होते. एकदा नळ चालू ठेवून झोपले, खालच्या फ्लॅटचं सीलिंग गेलं. एकदा भर दुपारी लिफ्टमध्ये बसून राहिले, बटण कुठलं दाबायचं ते आठवेना. लोकांनी तक्रारी केल्या. पण आता गावाला नेऊन ठेवलंय म्हणाले. गणपतीपासून दिसले नाहीत.”

“गाव कुठलं?”

“सिंधुदुर्गातलं काहीतरी. मालवणी बोलायचे. आम्हाला अर्धं कळायचं नाही.”

सेक्रेटरींकडून नंबर घेऊन मी मुलाला फोन लावला. बऱ्याच प्रयत्नांनी लागला. आवाज एकदम शांत, कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलावा तसा.

“बाबा गावाला आहेत, बहिणीकडे. इथे आमचे हाल चाललेत आणि तुम्ही माझ्या घराशी काय करताय?”

“बहिणीचा नंबर द्या.”

“तिकडे रेंज नसते.”

“गावाचं नाव सांगा, तिथल्या पोलीस पाटलांकडून विचारून घेते.”

त्याने नाव सांगितलं. मग म्हणाला, “माझ्या परवानगीशिवाय दाराला हात लावलात तर मी वरपर्यंत तक्रार करीन.”

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

ज्याचं बंद घर पोलीस उघडायला निघालेत, तो माणूस आधी विचारतो, ‘चोरी झाली का?’ ह्याने विचारलं नाही. मी ते डोक्यात ठेवलं. सिंधुदुर्गातल्या ठाण्याला निरोप दिला आणि आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली. दार ठोठावलं. महिला शिपायाने हाका मारल्या, “आजोबा, आम्ही पोलीस आहोत, घाबरू नका.” दाराला कान लावला. काही नाही. पंखासुद्धा नाही.

“मी सांगत होतो,” सेक्रेटरी म्हणाले. “मॅडम, उद्या तो माझ्यावर केस टाकेल. जरा गावचा फोन तरी येऊ द्या.”

कुलूपवाल्याने हत्यारं खाली ठेवली. मीही क्षणभर घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा हवालदार पुढे आले. पोट सुटलेला, रिटायरमेंटला टेकलेला, ठाण्यात सगळे ज्यांची चेष्टा करतात असा माणूस.

“मॅडम, माका पाच मिनटां देवा. म्हातारो आमच्याकडचो आसा.”

“हाका मारून झाल्या ना?”

“हाकेक ओ देवची नाय म्हणान शिकवला असतला कोणीतरी. पण गाऱ्हाण्याक होकार दिल्याशिवाय आमचो माणूस ऱ्हवाचो नाय.”

कोकणात देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एकजण खड्या आवाजात देवाला सांगणं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात. पोरवयापासून ऐकलेलं असतं. कधी होकार द्यायचा हे कोणाला शिकवावं लागत नाही.

हवालदारांनी टोपी काढून खिडकीत ठेवली, बूट काढून पॅसेजच्या कडेला सारले, हात जोडले. त्या चकचकीत टाइल्सच्या पॅसेजमध्ये त्यांचा आवाज एकदम घुमला.

“बा देवा म्हाराजा! आज हयसर तुझी लेकरां दाराशी उभी आसत रे म्हाराजा...”

सेक्रेटरी हसायला लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते थांबले.

“घराक सोडून, गावाक सोडून जो कोण लेकरू हयसर इलेला आसा, त्येका सांभाळ रे म्हाराजा...”

हवालदार दाराच्या आणखी जवळ सरकले.

“त्येच्या हातान, त्येच्या घरच्यांच्या हातान काय चुकला-माकला आसात, तां पदरात घे रे म्हाराजा...”

आणि दाराच्या आतून, अगदी खालून, उंबरठ्याजवळून आवाज आला. कोरडा, कागद फाटल्यासारखा.

“व्हय म्हाराजा.”

महिला शिपायाने माझा हात घट्ट धरला. सेक्रेटरींच्या हातातला जुडगा खाली पडला. हवालदार गाऱ्हाणं तसंच सोडून दारावर धावले. “काकानूं! बाजूक सरा, दार उघडतो!”

कुलूप तुटलं, पण दार पुरतं उघडेना, कारण म्हातारा त्याला टेकूनच बसला होता. हळूहळू सरकवून आम्ही आत शिरलो.

मी जे पाहिलं ते पंचनाम्याच्या क्रमानेच सांगते, दुसऱ्या कोणत्याही क्रमाने मला सांगता येत नाही. घर स्वच्छ. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप, बहुधा गॅसच्या भीतीने. बाथरूम उघडं, पण नळाला पाणी नाही. वरचा व्हॉल्व्ह बंद केलेला. टेबलावर लाडवांचा डबा, केळी, बिस्किटं, औषधांच्या पुड्या वाराप्रमाणे मांडलेल्या, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात ‘सकाळ’, ‘रात्र’. शेजारी पाण्याच्या विकतच्या सीलबंद बाटल्या, ओळीने. सगळ्या भरलेल्या. काही खाली पडलेल्या. मी एक उचलली. झाकणावर दातांच्या खुणा होत्या. दुसरीवर होत्या. सगळ्यांवर होत्या.

नंदाखालच्या बाईंचं वाक्य मला तिथे पूर्ण कळलं.

म्हाताऱ्याला लगेच रुग्णालयात हलवलं. ओठ फुटलेले, जीभ सुजलेली. डॉक्टर म्हणाले, आज संध्याकाळ निघाली नसती. घराबाहेर पडताना महिला शिपायाने छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक छोटा कॅमेरा होता. थेट दाराकडे रोखलेला.

दुसऱ्या दिवशी बोट धक्क्याला लागली. प्रवासी एकमेकांना मिठ्या मारत उतरत होते, कॅमेरे, फुलं, सगळं होतं. त्या गर्दीतून आम्ही जोडप्याला बाजूला घेतलं. चौकशीसाठी दोघांना वेगवेगळं बसवलं. तो कागदपत्रांसारखं बोलला. अटेंडंट ऐन वेळी आला नाही. तिकिटांचे पैसे परत मिळत नव्हते. तीन रात्रींचाच प्रश्न होता. सगळी व्यवस्था केली होती. शेजारी पुन्हा तक्रार करतील म्हणून ‘बेल वाजली तरी ओ द्यायची नाही’ असं बाबांना शिकवलं होतं, बाबा शहाण्यासारखे शिकलेही होते. फोनवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणार होते. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. निष्काळजी माणसं आम्ही रोज पाहतो.

बायको मात्र खोलीत शिरताच बोलू लागली.

“रविवारी पहाटे रेंज आली. यांनी कॅमेरा लावला. बाबा दारापाशी बसले होते. हलत नव्हते.”

“मग?”

“मी म्हटलं, सेक्रेटरींना फोन करा, दार फोडायला सांगा. हे म्हणाले, आता काय उपयोग? गेलेत ते. आता कोणाला सांगितलं तर आपण अडकू. घरी पोचलो की बघू, झोपेत गेले म्हणून सांगू.”

“आणि आम्ही फोन केला तेव्हा?”

“तेव्हा आम्ही बघतच होतो, मॅडम. तुम्ही यांच्याशी बोलत होतात, कॅमेरा माझ्या फोनवर होता आणि बाबांनी मान वर केली. मी ओरडले, ‘हलले!’ यांनी तुमचा फोन तोडला, माझ्या हातातला घेतला आणि तोही बंद केला.”

माझ्या हातात पेन होतं. मी काही लिहिलं नाही. शेजारी बसलेली महिला शिपाई उठून बाहेर गेली.

मी त्याच्या खोलीत परत गेले. विचारलं, “वडील जिवंत आहेत हे कळल्यावर फोन का बंद केलास?”

तो म्हणाला, “मी तुम्हाला आधीच सांगून बसलो होतो ना, की ते गावाला आहेत.”

एवढंच. बोललेलं मागे घ्यायला लागू नये म्हणून. मी त्याच्या चेहऱ्यावर राक्षस शोधत होते, तो सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. समोर इस्त्रीचा शर्ट सुरकुतलेला, दोन दिवस दाढी न केलेला एक नोकरदार माणूस होता. वडिलांच्या औषधांच्या पुड्यांवर ‘सकाळ’, ‘रात्र’ त्यानेच लिहिलं होतं. अक्षर सुबक होतं.

गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेलं, खटला अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मी स्वतः याद्या करणारी बाई. प्रवासाला निघताना गॅस, नळ, दिवे, कुलूप, असं सगळं कागदावर उतरवून एकेकावर खूण करते. त्या घरातल्या टेबलावर अशीच शिस्त होती. म्हणून मला ते जास्त लागलं. आपण सगळं केलं, असं ज्याला पक्कं वाटतं, तो माणूस पुन्हा मागे वळून बघत नाही; आणि चूक समोर दिसली तरी ती आपली नाही असं ठरवायला त्याला वेळ लागत नाही. हे मला खुनांच्या तपासात कळलं नव्हतं.

रुग्णालयात मी आणि हवालदार रोज जाऊन यायचो. म्हाताऱ्याला मुलाचं नाव आठवत नव्हतं. मला ते नर्स समजायचे. पण हवालदार दिसले की ओळखायचे आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचे.

“गाऱ्हाणा पुरा केलंस मां रे?”

“करतंय हां काका. तुमी बरे व्हा.”

“अर्धा ठेव नको. देव उभो ऱ्हवता.”

बाहेर आल्यावर हवालदार मला म्हणाले, “खरा आसा मॅडम. घातलेला गाऱ्हाणा मधीच सोडूचा नसता. नारळ ठेवन, देवळात उभा ऱ्हवान पुरा करूक होया.” तेव्हा आम्ही ठरवलं, सुट्टी काढून त्यांच्या गावी जायचं. मी माझ्या वहीत तसं लिहिलं.

मुलगी येऊन वडिलांना घेऊन गेली. त्यांना गावाला गणपतीनंतर कोणी आणून सोडलेलंच नव्हतं. भाऊ तिला सांगत होता, बाबा आमच्याकडे मजेत आहेत. पुढे निवडणुकांचा बंदोबस्त आला, हवालदारांची बदली झाली, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वहीतल्या बाकी ओळींवर खुणा झाल्या.

परवा मुलीचा फोन आला. विचारलं, बाबा कसे आहेत. ती म्हणाली, तब्येत ठीक आहे, बोलणं जवळजवळ थांबलंय. माणसं ओळखत नाहीत.

“पण तिन्हीसांजेक पडवीत दाराक टेकान बसतत,” ती म्हणाली, “आणि मधीच म्हणतत, ‘व्हय म्हाराजा.’ मगे गप ऱ्हवतत. पुढचा कोणतरी म्हणात म्हणान.”

हवालदारांना मी निरोप दिला आहे. नारळ अजून घ्यायचा आहे.